नित्यवाचनाची किंमत : बायबल, नेतृत्व आणि पंडिता रमाबाई

हिंगोली जिल्ह्यातील साखरा आणि आसपासच्या गावांना ग्रंथवाचनाची परंपरा समजावून सांगावी लागत नाही. हरिपाठ, ज्ञानेश्वरीचे पारायण आणि हरिनाम सप्ताह यांची मराठवाड्याला पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. याच जिल्ह्यातील नर्सी हे संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते आणि नामदेवांची ६१ पदे शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबात समाविष्ट आहेत. शेजारच्या नांदेड येथे १७०८ साली गुरु गोविंदसिंगांनी ग्रंथालाच गुरुपद दिले. गुरुद्वारांत रोज ग्रंथ उघडून जे पद समोर येईल ते त्या दिवसाचा ‘हुकूमनामा’ म्हणून वाचले जाते. एखाद्या प्राचीन ग्रंथातील चार ओळी रोज वाचाव्यात आणि दिवसभराच्या व्यवहारात त्या सोबत बाळगाव्यात, ही कल्पना या मातीला परकी नाही.

ख्रिस्ती समाजातील बायबलचे नित्यवाचन ही याच जातीची साधना आहे. या वाचनात तीन विषय पुनःपुन्हा समोर येतात : श्रद्धा, नेतृत्व आणि त्याग. तिन्ही शब्द व्यासपीठावरून इतक्या वेळा उच्चारले जातात, की त्यांचा अर्थ गुळगुळीत झाला आहे. मूळ ग्रंथात मात्र ते सोपे नाहीत. महाराष्ट्रात ज्या एका स्त्रीने या वाचनाची प्रत्यक्ष किंमत मोजली, त्या पंडिता रमाबाईंच्या चरित्राशी ताडून पाहिले, तर हे तिन्ही शब्द पुन्हा धारदार होतात.

वाचनाचा क्रम कसा ठरतो?

बायबल हा एक ग्रंथ म्हणून ओळखला जात असला, तरी वस्तुतः ते एक ग्रंथालय आहे. प्रॉटेस्टंट परंपरेत त्यात जुन्या कराराची ३९ आणि नव्या कराराची २७ अशी एकूण ६६ पुस्तके मोजली जातात. कॅथलिक परंपरेत ही संख्या ७३ आहे. प्रॉटेस्टंट बायबलमध्ये एकूण १,१८९ अध्याय आहेत. रोज तीन आणि रविवारी पाच अध्याय वाचले, तर वर्षभरात संपूर्ण ग्रंथ वाचून होतो. अनेक कुटुंबे हा सरळ हिशेब पाळतात. स्कॉटलंडमधील डंडी येथील धर्मोपदेशक रॉबर्ट मरे मॅक्‌चेन यांनी १८४२ साली आपल्या मंडळीसाठी रोज चार अध्यायांचे वेळापत्रक तयार केले. त्यात जुना करार वर्षातून एकदा, तर नवा करार आणि स्तोत्रसंहिता दोनदा वाचून होते. जर्मनीतील हेर्नहूट येथील मोरेव्हियन समाजाने १७३१ पासून प्रत्येक दिवसासाठी चिठ्ठी टाकून एक वचन निवडण्याचा आणि ते आगाऊ छापण्याचा प्रघात पाडला. हुकूमनाम्याशी या पद्धतीचे साम्य लक्षात येण्याजोगे आहे.

कॅथलिक चर्चमध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६९ साली नवा वाचनक्रम लागू झाला. रविवारच्या वाचनांचे चक्र तीन वर्षांचे असून त्या वर्षांत अनुक्रमे मत्तय, मार्क आणि लूक यांच्या शुभवर्तमानांवर भर असतो. योहानाचे शुभवर्तमान मुख्यतः पुनरुत्थान सणाच्या आगेमागे वाचले जाते. इतर दिवसांच्या पहिल्या वाचनाचे चक्र दोन वर्षांचे आहे.

या सर्व पद्धतींमागे एक समान सूत्र आहे. आज काय वाचायचे, हे वाचकाच्या मर्जीवर सोडलेले नसते. मनाला रुचेल तेवढेच वाचण्याची मुभा असती, तर माणूस सांत्वनाच्या स्तोत्रांपलीकडे क्वचितच गेला असता. ठरलेला क्रम त्याला अडचणीच्या पानांवरही नेऊन उभा करतो. नित्यवाचनाची खरी ताकद या सक्तीत आहे.

श्रद्धा : डोंगरावरची कसोटी

अशा अडचणीच्या पानांपैकी एक म्हणजे उत्पत्ति या पुस्तकाचा बाविसावा अध्याय. म्हातारपणी झालेला एकुलता एक मुलगा इसहाक याचे बलिदान करण्याची आज्ञा अब्राहामाला होते. बाप मुलाला घेऊन डोंगर चढतो. लाकडांची मोळी मुलाच्याच खांद्यावर असते आणि यज्ञासाठी पशू कोठे आहे, असे तो बापाला विचारतो. शेवटच्या क्षणी हात थांबवला जातो आणि झुडपात अडकलेला एडका मुलाच्या जागी अर्पण होतो. नव्या करारातील इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा अकरावा अध्याय अब्राहामाला श्रद्धेचा आदर्श म्हणून गौरवतो.

कथा एवढ्यावरच थांबली असती, तर श्रद्धा म्हणजे डोळे मिटून केलेले आज्ञापालन, असा निष्कर्ष निघाला असता. परंतु क्रमाने वाचणाऱ्याला पुढे शास्ते या पुस्तकाचा अकरावा अध्याय भेटतो. इफ्ताह नावाचा सेनानी लढाईपूर्वी नवस बोलतो : विजयी होऊन परतल्यावर घराच्या दारातून जे प्रथम सामोरे येईल, ते अर्पण करीन. डफ वाजवीत, नाचत त्याची एकुलती एक मुलगी सामोरी येते. येथे हात थांबवणारा कोणी येत नाही. ग्रंथ त्या मुलीचे नावही सांगत नाही. फक्त इस्राएलातील मुली दरवर्षी चार दिवस तिच्यासाठी शोक करीत, एवढी नोंद तेथे आहे.

हे दोन अध्याय शेजारी ठेवले, की बायबलमधील त्यागाचा मूळ प्रश्न उघडा पडतो. त्याग कोणाचा? स्वतःजवळचे देणे हा त्याग होय. आपल्या शब्दासाठी दुसऱ्याला वेदीवर चढविणे याला नाव कोणतेही द्यावे, तो अन्यायच राहतो. इफ्ताहाचा नवस त्याचा होता, प्राण मुलीचा गेला.

नेतृत्व : सासऱ्याचा सल्ला, संदेष्ट्याची कथा

नेतृत्वाविषयी बायबलची भूमिका बरीच संशयी आहे. निर्गमाच्या अठराव्या अध्यायात मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे तंटे सोडवीत बसलेला दिसतो. भेटीला आलेला सासरा इथ्रो त्याला स्पष्ट सांगतो, की अशाने तूही खचशील आणि लोकही खचतील. हजार, शंभर, पन्नास आणि दहा माणसांवर विश्वासू, लाच न घेणारे अधिकारी नेमावेत आणि केवळ अवघड प्रकरणेच स्वतःकडे यावीत, अशी व्यवस्था तो सुचवितो. मोशे तो सल्ला मानतो. विशेष म्हणजे हा सल्ला देणारा इथ्रो मिद्यानी, म्हणजे दुसऱ्या समाजाचा याजक आहे.

पहिल्या शमुवेलाच्या आठव्या अध्यायात लोक राजा मागतात, तेव्हा वृद्ध शमुवेल त्यांना राजेशाहीचा खर्च समजावून सांगतो : मुलगे रथांपुढे धावतील, मुली राजाच्या मुदपाकखान्यात राबतील, उत्तम शेते आणि पिकाचा दहावा हिस्सा दरबारी जाईल. लोक ऐकत नाहीत. पुढे दावीद राजा उरीयाच्या पत्नीचा अभिलाष धरतो आणि उरीयाला रणात मरायला धाडतो. तेव्हा नाथान संदेष्टा राजाला एका गरिबाच्या एकुलत्या कोकराची गोष्ट सांगतो. ते कोकरू हिसकावणाऱ्या श्रीमंतावर राजा संतापतो आणि तो माणूस तूच आहेस, हे ऐकून निरुत्तर होतो. सत्ताधाऱ्याचा असा अपराध धर्मग्रंथातच नोंदवून ठेवणे आणि तो पिढ्यान्‌पिढ्या जाहीरपणे वाचणे, ही लहान गोष्ट नव्हे.

मराठवाड्यातील वाचकाला सर्वांत जवळचा वाटावा असा प्रसंग नहेम्याच्या पाचव्या अध्यायात आहे. दुष्काळात धान्यासाठी लोकांनी शेते, द्राक्षमळे आणि घरे गहाण टाकली आहेत. काहींना पोटची मुले दास म्हणून द्यावी लागली आहेत. प्रांताधिकारी नहेम्या सावकारांना सभेत जाब विचारतो, व्याज सोडायला आणि जमिनी परत करायला लावतो. स्वतः मात्र बारा वर्षे अधिकाऱ्याला मिळणारा अन्नभत्ता घेत नाही. सावकारी आणि दुष्काळ यांचे नाते ज्या मुलखाला ठाऊक आहे, तेथे या अध्यायाला टीपेची गरज पडत नाही.

या धाग्याचे टोक योहानाच्या तेराव्या अध्यायात सापडते. अटक होण्यापूर्वीच्या रात्री येशू कमरेला रुमाल गुंडाळून शिष्यांचे पाय धुतो. ते काम त्या काळी घरातील नोकराचे होते. चर्चमध्ये पवित्र गुरुवारी हा उतारा वाचला जातो आणि अनेक ठिकाणी धर्मगुरू प्रत्यक्ष गुडघे टेकून लोकांचे पाय धुतात.

मराठीतील वाट

हे वाचन मराठीत येण्यास बराच काळ लागला. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली गोमंतकातील रायतूर येथे ‘क्रिस्तपुराण’ प्रसिद्ध केले. तथापि ते बायबलचे भाषांतर नसून ओवीबद्ध पुराण आहे. विल्यम केरी यांनी पंडित वैजनाथ शर्मा यांच्या साहाय्याने बंगालमधील श्रीरामपूर येथून १८०५ साली मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत छापले. अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईत दाखल झाले. त्यांच्या प्रयत्नांतून १८२६ साली नवा करार आणि १८४७ साली संपूर्ण बायबल मराठीत उपलब्ध झाले. या भाषांतरांची भाषा बहुतांशी संस्कृतप्रचुर आणि पंडिती वळणाची होती. शास्त्र्यांच्या मदतीने झालेल्या कामात ते स्वाभाविकही होते. खेड्यातील, त्यातही अक्षरओळख नसलेल्या स्त्रीपर्यंत ती भाषा पोहोचणे कठीण होते. ही उणीव तीव्रतेने जाणवली, ती संस्कृत मुखोद्गत असलेल्या एका विदुषीला.

उघडे दार

रमाबाई डोंगरे यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकविण्याचा हट्ट धरला आणि समाजाचा रोष ओढवून घेतला. हे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरून मंदिरांत पुराण वाचून उपजीविका करीत असे. रमाबाईंचे बालपण म्हणजे अक्षरशः अखंड नित्यपाठ होता. लोक पुराण ऐकत आणि दक्षिणा ठेवत. ऐकणाऱ्यांना अर्थ कळला की नाही, याने पुण्यात फरक पडत नाही अशी समजूत होती, असे त्यांनी पुढे आत्मनिवेदनात नमूद केले आहे. अर्थ न कळता ऐकण्याविषयीची ही खंत त्यांच्या पुढील कामाची गुरुकिल्ली ठरली.

दुष्काळात आईवडील आणि बहीण यांचा मृत्यू झाला. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि १८८२ च्या आरंभी वैधव्य आले. घरच्या पुस्तकांत त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली होती. पुण्यात आर्य महिला समाजाची स्थापना करून त्या १८८३ साली इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी कन्या मनोरमेसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला. समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी तेथील धर्मभगिनी करीत असलेले काम आणि योहानाच्या चौथ्या अध्यायातील शोमरोनी स्त्रीची कथा यांचा त्यांच्यावर खोल ठसा उमटला. धर्म बदलला तरी बुद्धी गहाण टाकण्यास त्यांनी नकार दिला. गळ्यातील क्रुसावर लॅटिनऐवजी संस्कृत शब्द का असू नयेत, असा त्यांचा सवाल होता. धर्मगुरूंच्या आज्ञेपेक्षा सदसद्विवेक श्रेष्ठ, ही त्यांची भूमिका वरिष्ठांशी झालेल्या पत्रव्यवहारातून वारंवार दिसते. त्या अखेरपर्यंत शाकाहारी राहिल्या.

अमेरिकेतील देणगीदारांच्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केले. पुढील वर्षी ते पुण्यास हलले. सदनात धर्मप्रचार होणार नाही, असे आश्वासन होते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारखी माणसे सल्लागार मंडळात होती. रमाबाई मात्र आपल्या खोलीत मनोरमेसह रोज बायबल वाचीत आणि प्रार्थना करीत. खोलीचे दार उघडे असे. सदनातील काही मुली येऊन बसू लागल्या. कोणाला बोलावले जात नव्हते, तसे कोणाला हाकलूनही दिले जात नव्हते.

वाद पेटला तो या उघड्या दारावरून. ‘केसरी’ने कठोर टीका केली. १८९३ साली सल्लागार मंडळाने राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचे म्हणणे असे होते, की प्रत्येक मुलीला आपापल्या धर्माचे आचरण करण्याची मुभा सदनात आहे. मग स्वतःच्या खोलीतील प्रार्थना लपविण्याचे कारण काय? विरोधकांची बाजूही केवळ दुराग्रहाची नव्हती. विधवा मुलीला शिकू देणे हेच ज्या समाजात धाडस होते, तेथे ती धर्मांतर करील या शंकेने स्त्रीशिक्षणाचे सारे कार्य धोक्यात येईल, अशी सुधारकांची रास्त भीती होती. आश्रयदात्रीचा प्रभाव आश्रितावर पडतोच, मग दार उघडे असो वा बंद, हेही खरे होते. याच सदनातील गोदूबाई या विद्यार्थिनीशी धोंडो केशव कर्वे यांनी ११ मार्च १८९३ रोजी पुनर्विवाह केला आणि १८९६ साली त्यांनी हिंदू विधवांसाठी स्वतंत्र आश्रमाची संस्था काढली. एका वादातून स्त्रीशिक्षणाच्या दोन वाटा फुटल्या.

रमाबाईंनी त्या वेळी काय गमावले, हे लक्षात घेतले पाहिजे. पुण्याच्या सुधारक वर्तुळातील स्थान, विद्वानांचा पाठिंबा, मराठी समाजाच्या सार्वजनिक जीवनातील आवाज. दार लावून घेतले असते, तर यातले बरेच वाचले असते.

दुष्काळ आणि मुक्ती

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. पुणे जिल्ह्यात केडगाव येथे फळबागेसाठी घेतलेल्या जमिनीवर त्यांची सोय झाली आणि तेथे मुक्ती सदन उभे राहिले. १८९९-१९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या. १९०० च्या सुमारास तेथील रहिवाशांची संख्या दोन हजारांच्या घरात पोहोचली. इतक्या जणींची व्यवस्था एकटीने पाहणे अशक्य होते. मोठ्या मुलींकडे लहान मुलींचे गट सोपविण्यात आले. शेती, गोठा, विणकाम, तेलघाणा आणि छापखाना असे विभाग पडले. इथ्रोच्या सल्ल्याचे हे जणू केडगावातील रूप होते.

या कार्यावरील एक आक्षेप आजही विचारात घ्यावा लागतो. भुकेने मरणाच्या दारातून आलेल्या अल्पवयीन मुलीने स्वीकारलेला धर्म कितपत तिच्या निवडीचा म्हणावा? मुक्ती सदन हे शारदा सदनाप्रमाणे तटस्थ नव्हते, ते उघडपणे ख्रिस्ती होते. रमाबाईंनी प्राण वाचविले, शिक्षण दिले, हाताला काम दिले, याविषयी दुमत नाही. तरीही दाता आणि याचक यांच्यातील हा प्रश्न पूर्णपणे मिटत नाही आणि प्रामाणिक वाचकाने तो मिटल्याचे भासवू नये.

शेवटचे काम

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, वयाची पंचेचाळिशी ओलांडल्यावर, रमाबाईंनी संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. मूळ भाषांशी थेट भिडता यावे म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. उद्दिष्ट एकच होते : नुकती वाचायला शिकलेली खेड्यातील स्त्री जे वाचेल, ते तिला समजले पाहिजे. संस्कृतवर असामान्य प्रभुत्व असलेल्या पंडितेने जाणीवपूर्वक संस्कृत शब्दांचा मोह टाळला. हा त्यागही दुर्लक्षिण्याजोगा नाही. विद्वानाला आपली विद्वत्ता बाजूला ठेवणे सर्वांत कठीण जाते. खिळे जुळविण्यापासून छपाईपर्यंतचे काम मुक्तीतील स्त्रियांनी केले. दुष्काळातून आलेल्या, एकेकाळी निरक्षर असलेल्या हातांनी हा ग्रंथ अक्षर अक्षर उभा केला.

दरम्यान, जिच्या हाती कार्य सोपवायचे ती मनोरमा २४ जुलै १९२१ रोजी वारली. शारदा सदनाची धुरा तिने वाहिली होती, तत्कालीन निजाम राज्यातील गुलबर्गा येथे शाळा काढण्यात तिचा वाटा होता. एकुलत्या अपत्याच्या मृत्यूनंतरही आई मुद्रिते तपासत राहिली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले. संपूर्ण भाषांतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. मंडळ्यांच्या उपासनेत बायबल सोसायटीची आवृत्तीच रूढ राहिली आणि रमाबाईंच्या भाषांतराचा प्रसार मर्यादितच राहिला. सुबोधतेचा आग्रह मात्र मागे पडला नाही. अलीकडच्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ सिद्ध करून तोच धागा पुढे नेला. २०२० साली उस्मानाबाद येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२४ साली त्यांचे निधन झाले.

वाचनाची कसोटी

रोजचे वाचन माणसाला आपोआप चांगले बनविते, असा दावा बायबलही करीत नाही. दावीदाला धर्मशास्त्र ठाऊक होते, तरी उरीयाचा घात टळला नाही. इफ्ताह देवाचे नाव घेऊनच लढायला निघाला होता. नित्यवाचनाने एवढेच होते, की या कथा विसरण्याची सोय राहत नाही. वर्ष फिरते, क्रम फिरतो आणि वाचक पुन्हा त्याच डोंगराच्या पायथ्याशी, त्याच सभेत, त्याच पाय धुणाऱ्या गुरूसमोर येऊन ठेपतो. मधल्या काळात त्याच्या हाती सत्ता आली असेल, पैसा आला असेल, कोणी तरी त्याच्यावर अवलंबून झाले असेल. जुना अध्याय मग नवा प्रश्न विचारतो.

तो प्रश्न कोणत्याही धर्माच्या वाचकाला लागू पडतो. गावच्या सप्ताहात पारायणाला बसणारा, गुरुद्वारात हुकूमनामा ऐकणारा आणि चर्चमध्ये शुभवर्तमान वाचणारा, तिघांनाही ग्रंथ मिटल्यावर एकाच ठिकाणी परतायचे असते : आपले घर, आपले शेत, आपली ग्रामपंचायत, आपल्या हाताखालची माणसे. तेथे मोठ्या शब्दांची किंमत कोण चुकवितो, यावर वाचनाचे मोल ठरते. श्रद्धा आपली आणि उपवास दुसऱ्याचा, नेतृत्व आपले आणि कष्ट दुसऱ्याचे, असा हिशेब असेल, तर कितीही पारायणे झाली तरी पहिला अध्याय वाचायचाच राहिलेला असतो.